सुभेदारआप्पांचा बंदोबस्त

मला कुणी शिकवलं, असं कुणी विचारलं तर कुठल्याही मास्तरांच्या आधी माझ्या तोंडी कोरेगावच्या सुभेदारआप्पांचं नाव येतं. आप्पा स्वतः मराठी चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी मला एक अक्षरही शिकवलं नाही. पण त्यांच्या घरात मला जागा मिळाली, त्यांच्या चुलीवरची भाकरी मिळाली आणि कंदिलापाशी अभ्यासाला एक कोपरा मिळाला. तो कोपरा मात्र सारखा बदलत असे. काल मी माजघरात खिडकीखाली बसलो असलो, तर आज माझी वळकटी आणि पुस्तकं सोप्यात उजव्या हाताला असत. शाळेतून आल्यावर पहिलं काम म्हणजे आपण आज कुठं राहतो ते शोधायचं.

आमचं घर माणदेशातलं, मेंढरांमागं फिरणारं. दिवाळी झाली की आमचा कळप पश्चिमेला उसाच्या मुलखात उतरे आणि पावसाच्या तोंडाला माघारी जाई. ऊस तुटलेल्या रानात शेतकरी मेंढरं बसवून घेतात. रानाला खत मिळतं, धनगराला जोंधळा मिळतो. आप्पांच्या रानात आमची मेंढरं वर्षानुवर्षं बसत. तिथंच एकदा त्यांनी मला बांधावर बसून औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचताना पाहिलं आणि आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, म्हणाले, "हे पोरगं मेंढरांत वाया चाललंय. माज्या घरात ठेव." आबांनी मान डोलावली. एवढ्यावर माझं शिक्षण ठरलं.

आप्पा पहिल्या लढाईत बसऱ्याला होते. पुढे बरीच वर्षं साहेब लोकांच्या मेसमध्ये होते. पेन्शनीत आले ते हवालदार म्हणून. सुभेदार त्यांना गावानं केलं, आणि त्यांनीही ते नाकारलं नाही. मेसमध्ये त्यांचं काम एकच. मेजवानी असली की खोली लावायची. टेबलं कुठं, खुर्च्या कुठं, बाजा कुठं, कुणी कुठल्या दारानं आत यायचं आणि कुठल्या दारानं बाहेर पडायचं. नोकरी संपली, पण ते काम त्यांच्या अंगातून गेलं नाही. धोतरावर खाकी कोट, कोटाच्या एका खिशात सुतळीची गुंडी आणि दुसऱ्यात खडू. कोरेगावात कुणाकडं बारसं असो, सुपारी असो, सत्यनारायण असो, आप्पा आदल्या दिवशी तिथं हजर. बोलावणं नसलं तरी. आत शिरायचे, कमरेवर हात ठेवून भिंतीकडं बघायचे आणि म्हणायचे, "हे कपाट हितं कुणी मेल्यानं ठेवलंय?" बहुतेक वेळा तो मेला शेजारीच उभा असे.

त्यांचं म्हणणं होतं, "घर मोठं नसतंय गड्या. घर मोकळं असतंय."

दार या गोष्टीवर त्यांचा विशेष राग. आपल्या लोकांना दारात उभं राहायची फार हौस. आत बसून दोन तासांत जे बोलणं होत नाही, ते निघताना उंबऱ्यात सुरू होतं. एक पाय आत, एक बाहेर, आणि "बरं मग, येतो हं," असं म्हणत अर्धा तास. आप्पा ते पाहून तळमळायचे. "आरं, दार म्हंजे पाटाचं तोंड. तितं ह्यो धोंडा आडवा पडला की मागं सगळं पाणी तुंबलं!" यावर त्यांनी उपाय काढला होता. पानाचं तबक घरात ठेवायचंच नाही. ते रस्त्यापलीकडं चिंचेखाली एका तिवईवर ठेवायचं. पानासाठी माणूस आपोआप बाहेर जातो, आणि काय उंबऱ्यातलं बोलणं बोलायचं ते चिंचेखाली बोलतो. हा उपाय खरोखरच चाले. समारंभाच्या दिवशी तर ते दाराच्या फळ्याच उचलून काढून ठेवत, म्हणजे कुणाला टेकायला काही उरायचं नाही.

जोडे सोप्याखाली ओळीनं, टोकं रस्त्याकडं. हात धुवायला एक नव्हे, दोन घंगाळं, घराच्या दोन टोकांना. पत्रावळींच्या दोन ओळींमधून वाढपी जायची वाट खडूनं आखलेली. आणि या सगळ्याची आदल्या दिवशी तालीम.

तालमीला घरातली माणसं पाहुणे व्हायची. मी बहुधा मामलेदार असे. शेजारचे तात्या "घाईचा पावणा", म्हणजे ज्याला मोटार गाठायची आहे असा. आणि काकी, म्हणजे आप्पांची बायको, कलेक्टरीणबाई.

"कलेक्टरीणबाई, या. पाय हितं धुवा," आप्पा आदबीनं म्हणत.

काकींचे हात पिठानं भरलेले. "पाय सकाळीच धुतल्यात. पिठलं खाली लागतंय तिकडं, सोडा मला."

"कलेक्टरीणबाई पिठलं करत न्हाईत."

"मग त्यास्नीच सांगा आज भाकऱ्या बडवायला. मी येती बाजारात जाऊन."

तात्या मधेच विचारायचे, "आवं सुभेदार, माजी मोटार गेली का हाय आजून?"

काकी लग्न होऊन आल्या त्या घरात चूल कुठं होती आणि आज कुठं आहे, यावर एक वेगळा लेख होईल. त्या म्हणत, "ह्या घरात फकस्त भिती जाग्यावर हायत्या, त्या बी ह्यांच्याकडनं उचलत न्हाईत म्हणून."

अशा या माणसाच्या घरात पाहुण्यानं पाय ठेवला नाही असं कधी झालं नव्हतं. अपवाद एकच. माझे आबा.

मी आप्पांकडं राहू लागलो त्याच हिवाळ्यात आबा मला भेटायला आले आणि रस्त्यापलीकडं चिंचेखाली एका ओंडक्यावर बसले. आप्पा स्वतः उठून गेले.

"आवं पावणं, आत चला. हितं रस्त्यावर का बसलाय?"

"नगं जी. आमच्या अंगाला मेंढराचा वास. तुमचं सारवल्यालं घर."

"आमच्या सोप्यात म्हस बांधल्याली हाय. तुमचा वास तिच्यातनं वर येतोय व्हय?"

आबा हसले, पण हलले नाहीत. मी भाकरी घेऊन बाहेर गेलो, आम्ही बापलेकांनी चिंचेखाली खाल्ली, आणि आबा गेले. पुढं दर हिवाळ्यात हेच. मी आत पाटावर जेवायचो, पुस्तक वाचायचो, त्या घरचा मुलगा असल्यासारखा वावरायचो; आणि ज्या माणसामुळं मी तिथं होतो तो रस्त्याच्या कडेला बसायचा. मला घास गोड लागत नसे. आबांनी एकदा या घरात यावं, पाटावर बसावं, पोटभर जेवावं, एवढंच मला हवं होतं. परीक्षेपेक्षाही मला त्याची काळजी जास्त होती. आणि हे मी कधी बोललो नव्हतो तरी आप्पांना ठाऊक होतं.

आप्पांनी ते मोहिमेसारखं घेतलं. दुसऱ्या हिवाळ्याच्या आधी त्यांनी तो ओंडका चिंचेखालून उचलून रस्त्याच्या अलीकडं आणला. आबा आले, इकडं तिकडं बघितलं आणि ओंडक्यावर बसले. म्हणजे रस्ता ओलांडला गेला. पुढच्या वर्षी ओंडका भिंतीला टेकवला. आबा भिंतीपाशी. त्याच्या पुढच्या वर्षी ओंडका फोडून जळणाला घातला. आबा आले, ओंडका शोधला, आणि अवघडून आमच्या घराच्या पायरीवर बसले.

आप्पा धावत चुलीपाशी गेले. "पायरी घेतली!"

काकी दचकल्या. "कुणी नेली?"

"आगं, आबानं! पायरीवर बसलाय! बसऱ्याला एक खंदक घ्यायला आमाला सगळा उन्हाळा लागला हुता, ठावं हाय का?"

पण पायरीवर मोहीम अडकली. मी मॅट्रिक झालो, सांगलीला कॉलेजात गेलो, सुटीत येत राहिलो; आबा पायरीच्या वर येईनात. आप्पांना वाटलं, उंबरा उंच आहे म्हणून पाय उचलत नसेल. त्यांनी सुतार बोलावून उंबरा तासायला घेतला. काकी बाहेर आल्या त्या हळदकुंकवाच्या करंड्यासकट.

"उंबऱ्यावर तासणी? रोज पुजती मी त्येला! लक्षुमी काय रांगत येणार हाय व्हय घरात?"

"लक्षुमी कवाबी येती. आबा येईना झालाय."

उंबरा दोन बोटं खाली गेला. आबा त्या वर्षीही पायरीवरच बसले. वरून सुताराचं कामही त्यांनी वाखाणलं.

याच सुमारास तात्यांच्या मुलीचं प्रकरण झालं. तिला बघायला पाटणकडचे पाहुणे येणार होते. आप्पांनी तात्यांचं घर ताब्यात घेतलं. जोंधळ्याच्या पोत्यांची सोप्यातली थप्पी आमच्या घरात आली. मडक्यांची उतरंड आली, वाकळांची चवड आली. म्हैस आणि बैलजोडी परड्यातून आमच्या दावणीला आली. तात्यांच्या घरात उरलं काय, तर झाडून स्वच्छ केलेली जमीन, एक जाजम, आणि मधोमध आप्पा.

पाहुणे आले. पाय धुतले, जाजमावर बसले, कुठं अडचण नाही, कुठं धक्का नाही. त्यांच्यातले थोरले चुलते मात्र चौफेर बघत होते. आप्पांना वाटलं, घराची मांडणी त्यांच्या मनात भरली.

चुलत्यांनी विचारलं, "पोती कुठं दिसंनात?"

"काडली!" आप्पा अभिमानानं म्हणाले.

"सगळी?"

"एक ठेवलं न्हाई."

"आन् दावण बी रिकामी..."

"म्हस सकाळीच घालीवली बघा. बैलं बी."

पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं. ज्या घरात दाणा नाही, दावणीला जनावर नाही, त्या घरची मुलगी करायची म्हणजे काय, हे त्या बघण्यात होतं. चहा नको म्हणाले. उन्हं चढायच्या आत निघायचं म्हणाले. तात्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आप्पांना काही कळेना. एवढ्यात आमच्या भिंतीवरून काकींचा आवाज आला, "आवं, त्यास्नी म्हस बघायची हाय, तुमची जाजम न्हवं!"

आप्पांच्या डोक्यात उजेड पडला. "फालीन!" ते पलटणीतल्या हुकमासारखं ओरडले. मी, तात्यांचे भाऊ, आळीतले चार गडी, सगळे धावलो. ज्या वाटेनं पाहुणे आले होते त्याच वाटेनं पोतं मागून पोतं आत येऊ लागलं. पाहुणे पाय आखडून बसले. पोत्यांच्या मागून बैल आले. बैलांच्या मागून म्हैस आली, जाजमाच्या मधोमध थांबली, आणि जे करायचं ते तिथंच केलं.

मग थोरले चुलते गदागदा हसायला लागले. डोळे पुसत म्हणाले, "दूध किती देती?"

लग्न जमलं. मुलगी सुखात नांदते आहे. पण आप्पा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सोप्यात बसून होते. सुतळीची गुंडी हातात घेऊन उलगडत होते, परत गुंडाळत होते. मी शेजारी जाऊन बसलो तेव्हा म्हणाले, "चुकलं गड्या. पावण्याला काय दावायचं ते आपुन ठरिवत बसलो. पावण्याला काय बघायचंय ते कुणी बघितलंच न्हाई."

त्यानंतरच्या हिवाळ्यात आबा आले तेव्हा आप्पांनी त्यांना आत बोलावलं नाही. ते स्वतःच बाहेर जाऊन आबांच्या शेजारी पायरीवर बसले. दुपारभर बसले. आबा जिकडं बघतील तिकडं आपणही बघायचं, एवढंच त्यांनी केलं. आबा गेल्यावर आत आले ते हलक्या आवाजात, काही गुपित कळल्यासारखे.

"वास न्हाई, सारवण न्हाई, काय न्हाई. त्यो सारखा मान मागं वळवतोय. रानाकडं. त्येला आत आलं की मेंढरं दिसत न्हाईत रं!"

मी आबांचा मुलगा. लहानपणापासून त्यांना पाहत आलो. आबा झोपतात ते कळपाकडं तोंड करून, जेवतात ते कळपाकडं तोंड करून, हे मला माहीत होतं आणि तरी सुचलं नव्हतं.

दुसरी लढाई संपली त्या सुमारास मी बी. ए. झालो. आमच्या माणसांत पहिलाच. निकाल उन्हाळ्याच्या शेवटाला लागला, पण आप्पांनी जेवण लगेच घातलं नाही. लोक विचारायचे, "सुभेदार, पेढं कवा?" आप्पा म्हणायचे, "दिवाळी होऊ द्या. मुख्य पावणा मुलखात न्हाई."

दिवाळी झाली. घरामागच्या परड्याला लागून जे रान होतं, तिथला ऊस आप्पांनी सगळ्यांच्या आधी तोडला आणि आबांना सांगावा धाडला, की यंदा मेंढरं पहिल्यांदा त्याच रानात बसवायची. मग घराला हात घातला. माजघरातलं कपाट निघालं, उतरंड निघाली, मागची चूल पडवीत गेली. पुढच्या दाराच्या फळ्या काढल्या, मधल्या काढल्या, मागच्या काढल्या. दारं सरळ रेषेत नव्हती. मागचं दार थोडं डावीकडं होतं. आप्पांनी गवंडी लावून तेही सरकवलं. काकींनी ते पाहिलं आणि त्या पहिल्यांदाच भांडल्या नाहीत. फक्त जाता जाता गवंड्याला म्हणाल्या, "भितीच तेवढ्या ऱ्हायल्या हुत्या."

जेवणाच्या दिवशी माझ्या शाळेचे हेडमास्तर आले, तात्या आले, आळी आली. साखर रेशनवर होती, पण आप्पांच्या उसाचा गूळ होता. मोठ्या पातेल्यात लापशी शिजली होती. भर दुपारी आबा आणि माझे चुलते आले. आबांनी नवं घोंगडं खांद्यावर घेतलं होतं. सवयीनं ते पायरीशी थांबले आणि बसायला वाकले. वाकता वाकता त्यांची नजर आत गेली. सोपा, माजघर, मागचं दार, परडं, आणि त्यापलीकडं उन्हात बांधाच्या सावलीला बसलेली आपली सगळी काळीकरडी मेंढरं. घर मधे असून नसल्यासारखं. आबा सरळ उभे राहिले. एकदा आप्पांकडं बघितलं. मग उंबरा ओलांडून आत आले.

आप्पांनी माझा दंड असा धरला की वळ उठला.

मेंढरांपाशी राहायला चुलते परत निघाले, तर आप्पांनी त्यांनाही अडवलं. "आज बाहीर कुणी ऱ्हायचं न्हाई. कुत्रं हाय, ते बघंल." दोघांना मागच्या दाराकडं तोंड करून पाटावर बसवलं. पत्रावळी वाढल्या. पण आबा एक गुडघा उभा धरून बसले होते, कधीही उठायच्या तयारीत. हात मांडीवरच. वाढप्यानं काही विचारलं तर "नगं, नगं" म्हणत. ते आत आले होते, पण अजून बसले नव्हते. आता हे असेच न जेवता उठून जातील, असं मला वाटायला लागलं.

हेडमास्तरांनी श्लोक म्हटला. शेवटचा पुकारा, म्हणजे देवाच्या नावाचा गजर, राहिला होता. आप्पा म्हणाले, "पोराचा बाप हितं बसलाय. पुकारा त्यो करंल."

आबा गांगरले. "मला तुमचं काय म्हणाया येतंय?"

"जे येतंय ते म्हणा. पर मोठ्यानं. माज्या घराला ऐकू गेलं पायजे."

आबांनी डोळे मिटले आणि छातीभर श्वास घेऊन ते ओरडले, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

आबांना हळू ओरडणं ठाऊक नव्हतं. त्यांचा आवाज या डोंगरावरून त्या डोंगराला जाणारा. तो माजघरात घुमला, दारांतून बाहेर गेला, आणि मागच्या रानात पोचला. आपला धनी हाक मारतो आहे, एवढंच मेंढरांना कळलं.

पहिल्यांदा घंटा वाजली. कळपाचा एडका मागच्या दारात उभा होता. दाराला फळी नव्हती, सरकवल्यापासून उंबराही बसवलेला नव्हता, आणि समोर दोन पंगतींच्या मधून खडूनं आखलेली स्वच्छ, रुंद वाट होती. एडक्यानं क्षणभर विचार केला आणि तो आत आला. त्याच्यामागं सगळा कळप.

मग काय झालं ते सांगायला शब्द पुरत नाहीत. घरात पूर आला. काळी पाठ, करडी पाठ, शिंगं, कोकरं, धूळ, आणि कानठळ्या बसवणारं बें बें. वाढप्यानं परात डोक्यावर घेतली. हेडमास्तर आपली पत्रावळ छातीशी धरून भिंतीला चिकटले. तात्या ओरडत होते, "सुभेदार, ह्यास्नी कुठली मोटार गाठायचीय?" कडेच्या मेंढरांनी जाता जाता लापशीचा समाचार घेतला, दोन-चार पत्रावळी तर पानांसकट खाल्ल्या. काकींनी एका कोकराच्या तोंडातून पापड ओढून काढला.

आप्पा आधी थिजले होते. मग त्यांचा चेहरा उजळला. "आडवू नगा!" ते गर्जले. "कुणी मधी पडू नगा! लैनीत चाललीत, लैनीत!"

आणि आबा उठले. पंगतीच्या मधोमध उभे राहिले. मगाशी "नगं, नगं" म्हणणारा तो माणूस कुठं गेला होता कोण जाणे. "हुर्रर, हिर्रर!" करत त्यांनी कळपाला एका अंगाला घेतलं, आणि माणसांनाही. "मास्तर, पाय वर घ्या! तात्या, हलू नगा, बुजत्याली! काकी, त्ये पातेलं उचला!" हेडमास्तरांनी पाय वर घेतले. तात्या हलले नाहीत. काकींनी पातेलं उचललं. ज्या हेडमास्तरांपुढं आम्ही शाळेत श्वास रोखून उभे राहत होतो, ते माझ्या बापाच्या हुकमानं पाय वर घेऊन बसले होते.

कळप पुढच्या दारानं बाहेर पडला, रस्ता ओलांडला आणि चिंचेखाली जाऊन थांबला. एकही मेंढरू कुठं अडकलं नाही.

मग आबा हसायला लागले. छपराखाली आबांना हसताना मी प्रथमच पाहत होतो. हसता हसता ते जिथं होते तिथंच खाली बसले, हेडमास्तरांच्या शेजारी, दुसऱ्याच कुणाच्या पाटावर. मेंढरं आता पुढं होती, म्हणून आबांचं तोंड पुढच्या दाराकडं. त्यांनी नीट मांडी घालून बैठक मारली. घोंगडं खांद्यावरून काढून बाजूला ठेवलं.

"काकी," ते म्हणाले, "लापशी ऱ्हायलीया का काय?"

काकींनी पातेलंच पुढं आणलं. डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या, "तुमच्या मेंढरांनी ठेवलीया थोडी."

आबा जेवले. मागून घेऊन जेवले. हेडमास्तरांच्या पत्रावळीवरही आग्रहानं वाढायला लावलं. पान खायला मात्र कुणालाच चिंचेखाली जाता आलं नाही, कारण तबक एडक्यानं ताब्यात घेतलं होतं. त्यामुळं सगळे पुढच्या दारातच अर्धा तास बोलत उभे राहिले. आप्पा तिथून दोनदा गेले, पण त्यांनी कुणाला हटकलं नाही.

संध्याकाळी आम्ही फळ्या परत बसवत होतो. आप्पा म्हणाले, "सायबांच्या मेसमधी लय पार्ट्या लावल्या रं. पर अशी एका दारानं शिरून दुसऱ्या दारानं न तुंबता गेल्याली एक न्हाई." थोड्या वेळानं म्हणाले, "दोन घास कमी पडलं तुज्या मास्तरला. पर जेवला गड्या त्यो. आबा जेवला."

त्यानंतर मला सांगलीच्या एका शाळेत नोकरी लागली आणि मी कोरेगाव सोडलं. तिथून वर्षभरानं मी आप्पांना एक पत्र पाठवलं. ते असं:

तीर्थरूप आप्पा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. आपलं व काकींचं कुशल असावं. मी इथं खुशाल आहे. शाळेच्या मागं एक खोली भाड्यानं मिळाली आहे. एकच दार, एकच खिडकी. तुम्ही पाहिली असती तर तासाभरात काही ना काही सरकवलं असतं.

गेल्या रविवारी मी शाळेतल्या मास्तरांना फराळाला बोलावलं होतं. नोकरी लागल्यापासूनचं पहिलंच बोलावणं. सकाळपासून तुमच्या पद्धतीनं तयारी केली. कॉट बाहेर काढली, पुस्तकं खिडकीत रचली, मधली जागा मोकळी केली, सतरंजी टाकली.

पाहुणे यायला थोडा वेळ होता तेवढ्यात आबा आले. कळप मिरजेच्या वाटेला होता, चुलत्यांवर सोपवून एकटेच चालत आले. मी दाराकडं जाण्याआधीच ते आत होते. कुणाला विचारलं नाही, थांबले नाहीत. "लय ऊन हाय रं," म्हणाले, सतरंजीच्या मधोमध आडवे झाले, घोंगडं उशाला घेतलं आणि दारातून रस्ता दिसेल असं तोंड करून झोपी गेले.

मग पाहुणे आले. आबा घोरत होते. खोलीत पाऊल ठेवायला जागा उरली नव्हती. मी मास्तर मंडळींना हळूच म्हटलं, वडील झोपले आहेत. सगळे बाहेर पायरीवर बसले. बशा मी तिथंच नेऊन दिल्या. कुणी तक्रार केली नाही. आमचे थोरले मास्तर तर हळू आवाजात बोलत होते, आबांची झोपमोड होऊ नये म्हणून.

एकदोघांनी सुचवलं, त्यांना जरा एका अंगाला सरकवलं तर आत बसता येईल.

आप्पा, तुम्ही मला बाकी सगळं हलवायला शिकवलंत. मी त्यांना हलवलं नाही.

आपला,
सांगलीचा मास्तर